दुसरा डीएनएस सर्व्हर असूनही क्लस्टर का अडखळतो?

२० ऑक्टोबर २०२५ला, ऐन दिवाळीत, स्नॅपचॅटपासून कॅन्व्हापर्यंत कितीतरी सेवा कोलमडल्या आणि लगेच सायबर हल्ल्याच्या वावड्या उठल्या. हल्लाबिल्ला काही नव्हता. अॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात डायनॅमोडीबी या डेटाबेसची डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) नोंद दोन स्वयंचलित प्रक्रियांच्या शर्यतीत रिकामी झाली होती. डेटाबेस होता तिथेच होता, त्याचा पत्ता तेवढा कुणाला मिळत नव्हता.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'दोन डीएनएस सर्व्हर ठेवा, मग काळजी नको.' सल्ला चांगला आहे, पण अर्धाच.

लिनक्सवर एखाद्या प्रोग्रॅमने 'डीबी-२ नावाचं मशीन कुठे आहे?' असं विचारलं की सहसा आधी होस्ट्स फाइल, म्हणजे त्याच मशीनवरची नावं-पत्त्यांची यादी, पाहिली जाते. तिथे नाव नसेल तर रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइलीतल्या पहिल्या नेमसर्व्हरला, म्हणजे डीएनएस सर्व्हरला, प्रश्न जातो. तो बंद असेल तर जीलिबसी ही मूळ लायब्ररी ५ सेकंद थांबते आणि मग दुसऱ्याला विचारते. उत्तर मिळतं. पण पहिला बंद आहे हे ती लक्षात ठेवत नाही! पुढच्या नावाला पुन्हा ५ सेकंद. एकापाठोपाठ १०० नावं शोधणारं काम ८ मिनिटांहून जास्त वेळ नुसतं ताटकळतं. अनेक प्रोग्रॅम त्याआधीच हात टेकतात, लॉगमध्ये 'डेटाबेसशी संपर्क नाही' असं उमटतं, आणि आपण धडधाकट डेटाबेस तपासत बसतो.

याहून महत्त्वाचा बारकावा पुढे आहे. पहिला गप्प राहिला किंवा त्याने चूक कळवली, तरच दुसऱ्याला विचारलं जातं. 'असं नावच नाही' किंवा 'नोंद रिकामी आहे' हेसुद्धा उत्तरच. शोध तिथेच थांबतो. त्यामुळे अर्धवट नोंदी असलेला चालू सर्व्हर बंद सर्व्हरपेक्षा घातक. शिवाय हा नकार कॅशेमध्ये, म्हणजे उत्तरांच्या तात्पुरत्या साठ्यातही राहतो. नोंद दुरुस्त केली तरी काही मिनिटं नाव सापडत नाही, तेवढ्यात कुणी मशीन रीस्टार्ट करतं, नकाराची मुदत संपते आणि श्रेय रीस्टार्टला जातं. आपल्या क्षेत्रातली ही अंधश्रद्धाच आहे आणि ती खरं कारण झाकते.

उपाय साधे आहेत. क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणारी मशीन; त्यातल्या प्रत्येक नोडवर (मशीनवर) अनबाउंड या प्रोग्रॅमसारखा स्थानिक कॅशे ठेवा, टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) १ सेकंदावर आणा. क्लस्टरचा कणा असलेली मोजकीच नावं होस्ट्स फाइलीत घाला आणि ती फाइल अॅन्सिबल या साधनाने सगळीकडे एकसारखी ठेवा. सगळीच नावं तिथे कोंबू नका. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटची अशी एकच फाइल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट सांभाळायची. पसारा आवरेना, म्हणून १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली.

तपासताना 'डिग' या आज्ञेवर विसंबू नका. ते होस्ट्स फाइल न बघता थेट नेमसर्व्हरला विचारतं. प्रोग्रॅम ज्या वाटेने जातात त्याच वाटेने 'गेटेंट होस्ट्स' जातं. पहिला नेमसर्व्हर मुद्दाम बंद करा आणि ही आज्ञा प्रत्येक नोडवर वेळ मोजत चालवा. ज्या नोडला ५ सेकंद लागतील, तिथली रिझॉल्व्ह-कॉन्फ आधी उघडा.