गाडी मागवण्यापूर्वी खोक्याचे माप बाहेरून घ्यावे

सप्रेम नमस्कार.

“माल जेमतेम दोन टन, मग भाडे एवढे कसे?” हा प्रश्न आमच्या वडाळ्याच्या मालवाहतूक कार्यालयात जवळजवळ रोज येतो. प्लास्टिकचे डबे, खेळणी, विजेचे दिवे असा हलका पण फुगीर माल गाडीची वजनमर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी हौदा भरून टाकतो, म्हणून अशा मालाचे भाडे आम्ही घनफुटांवर धरतो. यात कोणाला फसवणूक वाटू नये, कारण डिझेल, टोल आणि चालकाचा भत्ता हौदा भरला तरी लागतो आणि अर्धा राहिला तरी लागतो.

खरा खोळंबा होतो तो चुकीच्या मापामुळे. गेल्या पावसाळ्यात साकीनाक्याच्या एका गाळ्यातून नाशिकसाठी 72 खोकी निघायची होती. खोक्याची उंची साडेतेवीस इंच कळवलेली होती आणि आमच्या 14 फुटी बंद गाडीची आतली उंची 6 फूट, म्हणजे 72 इंच. तेव्हा 24 खोक्यांचा एक थर याप्रमाणे तीन थर आरामात बसायला हवे होते. प्रत्यक्षात तिसरा थर लागेना. कळवलेले माप खोकी बनवून घेताना कारखानदाराला दिलेले, म्हणजे आतले होते. सात पदरी खोक्याच्या तळाला दोन आणि वर दोन पाकळ्या एकमेकींवर बसतात, त्यामुळे उंचीत पुठ्ठ्याच्या चार जाड्या वाढतात आणि साडेतेवीसचे साडेचोवीस होतात. उरलेली 24 खोकी ताडपत्रीखाली ठेवून छोटा हत्ती (लहान टेम्पो) मागवावा लागला, तोपर्यंत मोठी गाडी तीन तास उभी राहिली, आणि हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचा, आकार अर्थातच ग्राहकांच्या बिलात गेला. खोकी आडवी करा, अशी सूचना तेव्हाही झाली. परंतु वरची बाजू दाखवणारा बाण छापलेला असताना आम्ही ते करत नाही, कारण नाशिकला माल फुटका उतरला तर दोष आमच्याच माथी येतो.

म्हणून चिकटपट्टी लावून बंद केलेल्या, भरलेल्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजून आदल्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत कळवावी. खोकी पॅलेटवर, म्हणजे माल ठेवण्याच्या चौकटीवर, असल्यास पॅलेटची उंचीही धरावी. वाहन क्रमांक नक्की झाल्यावरच तो ई-वे बिलाच्या (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या) भाग ‘ब’मध्ये भरावा, कारण दर 200 किलोमीटरला एक दिवस ही त्या बिलाची मुदत तिथून सुरू होते. जड मालाच्या बाबतीत “थोडे जास्त चालेल” असा आग्रह कृपया धरू नये. जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000 रुपये दंड आहे.

नियमित ग्राहकांच्या मागील तीन महिन्यांच्या बिल्ट्यांवरून (माल पाठवल्याच्या पावत्यांवरून) आम्ही वार, ठिकाण, घनफूट, गाडी आल्याची आणि सुटल्याची वेळ असा तक्ता विनामूल्य करून देतो. एका ग्राहकांच्या अशाच तक्त्यात सोमवारी आणि मंगळवारी पुण्याला अर्धी अर्धी भरलेली गाडी जात असल्याचे दिसले. आता त्यांची मंगळवारी एकच 19 फुटी गाडी जाते. आम्हाला एक फेरी कमी मिळाली खरी, पण ते ग्राहक आता सुरतेचा मालही आमच्याकडेच देतात. आपल्या बिल्ट्यांच्या प्रती चालकाच्या हाती बंद पाकिटात दिल्या तरी चालतील.