खोक्यावर चार जीबी, वेगात साडेतीनच

निपाणीची मुलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग, घ्यायला कोल्हापूर गाठतात, खानापूरची बेळगावात दुकानं पालथी घालतात. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरसाठी घरचे पोटाला चिमटा काढून पैसे देतात, आणि सौदा ठरतो तो खोक्यावरच्या आकड्यांवर. किती जीबी मेमरी, किती कोअर, म्हणजे चिपमधले गणितं करणारे स्वतंत्र भाग. हा आकडा खरा असूनही दिशाभूल करू शकतो.

एनव्हिडियाचं जीटीएक्स ९७० हे कार्ड सप्टेंबर २०१४ मध्ये आलं. अमेरिकेत किंमत ३२९ डॉलर, मेमरी ४ जीबी. काही महिन्यांतच वापरणाऱ्यांच्या ध्यानात आलं की कितीही जड गेम लावला तरी मेमरीचा वापर साडेतीन जीबीच्या आसपास अडतो. मग मेमरीचा एकेक तुकडा भरून त्याचा वेग मोजणारा छोटा प्रोग्रॅम फिरू लागला. शेवटच्या अर्ध्या जीबीत वेग धाडकन कोसळत होता.

कारण चिपच्या रचनेत होतं. मेमरीचे आठ कप्पे आणि प्रत्येकातून सेकंदाला २८ जीबी माहितीची ये-जा. पण हे कप्पे चिपशी जोडणाऱ्या कॅशच्या, म्हणजे चिपमधल्या छोट्या वेगवान मेमरीच्या, आठ भागांपैकी एक बंद ठेवलेला होता. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारी डोळ्यांपुढे आणा. वखारी आठ, दारं सात. शेवटच्या दोन वखारींचा माल एकाच दारातून निघणार, म्हणजे एकीचा निघताना दुसरीचा थांबणार. ही कोंडी टाळायला कंपनीने सात कप्प्यांचा साडेतीन जीबीचा एक गट केला. त्याचा वेग सेकंदाला १९६ जीबी. उरलेला अर्धा जीबी बाजूला ठेवला, त्याचा वेग फक्त २८. चार जीबी होतेच, पण सारखे नव्हते. शिवाय चित्राचे ठिपके मेमरीत लिहिणारे भाग ६४ सांगितले होते, प्रत्यक्षात ५६ निघाले. तो आकडा तर सरळ चुकीचाच होता. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१६ च्या तडजोडीत अमेरिकेतल्या खरेदीदारांना कार्डामागे ३० डॉलर देण्याचं ठरलं.

एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या एफएक्स प्रोसेसरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपचा, वाद जास्त गुंतागुंतीचा होता. २०११ पासून विकलेल्या या चिपवर 'आठ कोअर' लिहिलेलं असे. पूर्णांकांची गणितं करणारे भाग खरोखरच आठ होते. पण दशांशाची गणितं करणारा भाग दोन-दोन कोअरमध्ये एकच. त्यामुळे कामानुसार हीच चिप कधी आठची वाटे, कधी चारची. हा दावा २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरवर मिटला, तोही कॅलिफोर्नियात राहणाऱ्या किंवा कंपनीची वेबसाइट पाहून चिप घेतलेल्या ग्राहकांपुरता.

एक टीबीची हार्ड डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यावरही असे दावे झाले. मला तो प्रकार याच मापाने मोजावासा वाटत नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. बाइट मात्र दोन्हीकडे तेवढेच असतात. जीटीएक्स ९७० मध्ये तसं नव्हतं. तिथे महत्त्वाची गोष्ट ग्राहकापासून झाकलेली होती.

हे डॉलर बेळगावात कुणाला मिळाले नाहीत, मिळणारही नव्हते. आपल्याकडे मात्र २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्याच्या कलम ३५ नुसार सारखीच तक्रार असलेल्या सगळ्यांच्या वतीने एखादा ग्राहकही, जिल्हा ग्राहक आयोगाची परवानगी घेऊन, दाद मागू शकतो. सीमाभागासाठी कलम ३४ तर फारच मोलाचं. जुन्या कायद्यात दुकान जिथे किंवा व्यवहार जिथे, तिथेच जावं लागे. आता ग्राहक राहतो तिथेही तक्रार चालते, म्हणजे कोल्हापुरात घेतलेल्या कार्डासाठी निपाणीकराला महाराष्ट्रातल्या आयोगाकडे हेलपाटे घालायला नकोत; बेळगावचा जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल, खोक्याचे आणि जाहिरातीचे फोटो, आणि वेग मोजलेल्या प्रोग्रॅमचे तारखेसकट स्क्रीनशॉट खरेदीच्या आठवड्यातच जपून ठेवावेत.