देवाला वाहून घ्यायचं म्हणजे नोकरी सोडायची? नाय ओ

आमच्या कोल्हापुरात चर्च सुटल्यावर बाहेर चहा पिताना अजून ऐकू येतं, की ज्याला मनापासून प्रभूला वाहून घ्यायचंय त्यानं नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जायचं, बाकीचे आपले रविवारचे ख्रिस्ती. सरळ सांगतो, बायबलमध्ये असं कुठंच नाही.

लूक 3 काढून बघा. जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात आम्ही काय करावं, तर तो नोकरी सोडा म्हणत नाही, ठरलंय त्यापेक्षा जास्त वसूल करू नका म्हणतो, शिपायांना सांगतो जुलूम करू नका, पगारात भागवा. सुवार्ता सांगत फिरणारा प्रेषित पौलसुद्धा करिंथात अक्विलाच्या घरी राहून पोटासाठी तंबू करायचा. आणि त्याच्याच पत्रातलं, कलस्सै 3 मधलं 'प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा', जे आपण कॅलेंडरवर छापतो, ते गुलामांना लिहिलंय बरं का, पाळकांना (चर्चच्या पास्टरांना) नाही! गुलाम राजीनामा कुठं देणार होता?

हां, येशूनं बोलावल्यावर पेत्रानं मासे धरायची जाळी सोडली, मत्तय जकातनाक्यावरनं उठला, ते खरंय. तसं बोलावणं येतं कुणाकुणाला. सगळ्यांना नाही.

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करणाऱ्यानं कास्टिंगमधलं (ओतीव भागातलं) भोक लांबी म्हणजे पुट्टी भरून, वरनं रंग मारून पास करायचं का बाजूला काढून ठेवायचं, शिफ्ट संपायला 10 मिनिटं असताना, सुपरवायझर बघत नसताना, खरा प्रश्न तिथं असतो. मी स्वतः एकदा लांबी भरलीय. त्या रविवारी गाणी मात्र लई मोठ्यानं म्हटली.