मोजणी दुसऱ्या बरगडीपासून

गळ्याच्या पायथ्याशी, दोन्ही गळपट्टीच्या हाडांच्या मधोमध एक खळगा असतो. त्यात तर्जनी टेकवावी आणि छातीच्या मधल्या हाडावरून ती सावकाश सरळ खाली आणावी. सुमारे ५ सेंटिमीटर अंतर गेल्यावर बोटाला एक आडवा उंचवटा लागतो. किडकिडीत माणसाच्या छातीवर तो नुसत्या डोळ्यांनाही दिसतो, तर अंगाने भरलेल्या माणसाच्या छातीवर तो थोडे दाबून शोधावा लागतो. या उंचवट्यावरून बोट उजवीकडे किंवा डावीकडे सरकवले की जी बरगडी हाताला लागते ती दुसरी. छातीची मोजणी येथूनच सुरू होते.

ती पहिल्या बरगडीपासून का सुरू होत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. पहिली बरगडी आखूड आणि चपटी असते, आणि तिचा बहुतेक भाग गळपट्टीच्या हाडामागे दडलेला असल्यामुळे ती समोरून चाचपता येत नाही. जो नवशिका हाताला लागलेल्या सर्वांत वरच्या बरगडीला पहिली समजतो, त्याची पुढची सगळी मोजणी एका आकड्याने चुकते. खालून वर मोजावे म्हटले तर तेथेही अडचण आहे. आठवी, नववी आणि दहावी बरगडी मधल्या हाडापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांच्या कूर्चा वरच्या बरगडीच्या कूर्चेला जाऊन मिळतात. अकरावी आणि बारावी तर पुढे कशालाच जोडलेल्या नसतात, आणि बारावी काहींमध्ये इतकी आखूड असते की ती हाताला जाणवतही नाही. दोन्ही टोके अशी बेभरवशाची असल्यामुळे हा उंचवटा सोयीचा ठरतो. छातीचे मधले हाड, म्हणजे उरोस्थी, एकसंध नसते. तिचा वरचा रुंद तुकडा आणि खालचा लांबट तुकडा एका कूर्चेच्या सांध्याने किंचित कोन करून जोडलेले असतात, आणि दुसऱ्या बरगडीची कूर्चा नेमकी त्या सांध्याच्या बाजूला येऊन टेकते.

या सांध्याला थोडीशी हालचालही असते. श्वास घेताना वरच्या बरगड्या आणि उरोस्थी हापशाच्या दांड्याप्रमाणे पुढे आणि वर उचलल्या जातात, तर खालच्या बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणे बाजूला फाकतात. मुळात बरगड्या आडव्या नसतात. त्या पाठीकडून पोटाकडे उतरत येतात, म्हणूनच त्यांना वर उचलले जाण्यास वाव असतो. या उताराचा एक परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. दुसरी बरगडी पाठीमागे छातीच्या दुसऱ्या मणक्याजवळ सुरू होते, पण तिचे पुढचे टोक चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मधल्या गादीच्या पातळीला उतरलेले असते. त्या पातळीवर छातीचा आडवा छेद घेतला अशी कल्पना केली, तर साधारणपणे तेथेच श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात आणि महाधमनीची कमान तेथेच सुरू होऊन तेथेच संपते. त्वचेवरची एक साधी खूण इतक्या खोलवरच्या गोष्टींचा पत्ता देते, हे शरीररचनेच्या पहिल्या वर्गात ऐकताना जादूसारखे वाटते. मात्र या पत्त्याला मर्यादा आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊ.

आत काय आहे हे छातीच्या पृष्ठभागावरून ओळखण्याची पद्धतशीर सुरुवात लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने केली. त्याचा जन्म १७२२ मध्ये ग्राट्स येथे झाला. त्याचे वडील खानावळ चालवत, आणि पिंपात मद्य कुठवर आहे हे वरून ठोकून पाहण्याची रीत त्याने लहानपणीच पाहिली होती, असे सांगतात. आपल्याकडे माठ घेताना तो वाजवून पाहतात, त्याच जातीची ही युक्ती आहे. हवेने भरलेल्या फुफ्फुसावर बोट वाजवले की पोकळ आवाज येतो, आणि आत पाणी साचले असेल किंवा फुफ्फुस घट्ट झाले असेल तर आवाज बद्द येतो. व्हिएन्नातील रुग्णालयात हे ताडून पाहून त्याने १७६१ मध्ये एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिझार याने १८०८ मध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा कुठे ही पद्धत पसरली. आउएनब्रुगर त्यानंतर एकाच वर्षाने वारला. कोर्व्हिझारचाच विद्यार्थी असलेल्या लाएनेकने १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी करून हृदयाचे ठोके ऐकले, आणि स्टेथोस्कोप जन्माला आला.

हृदय डावीकडे असते ही समजूत अर्धीच खरी आहे. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे असतो आणि उरलेला उजवीकडे. बराचसा भाग उरोस्थीच्या मागेच असतो. डावीकडे झुकलेले असते ते त्याचे टोक. निरोगी प्रौढ माणसात हे टोक पाचव्या फटीत, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मध्ये, मध्यरेषेपासून सुमारे ९ सेंटिमीटरवर बोटाला ठोके देते. बरगड्यांमधल्या फटींना वरच्या बरगडीचा क्रमांक देतात, हे येथे ध्यानात असावे. हे ठोके सहाव्या फटीत आणि बाहेरच्या बाजूला लागले, तर हृदयाचा आकार वाढला असण्याची शंका डॉक्टरच्या मनात एक्स-रेच्या आधीच येते.

हृदयाच्या चार झडपांची गोष्ट अधिक मजेशीर आहे. या चारही झडपा उरोस्थीच्या मागे आणि तिच्या डाव्या काठालगत इतक्या दाटीने बसलेल्या आहेत की स्टेथोस्कोपच्या एका चकतीखाली त्यांतल्या बहुतेक मावतील. तरीही डॉक्टर चार वेगवेगळ्या जागी कान देतो: उरोस्थीच्या उजवीकडे दुसऱ्या फटीत, डावीकडे दुसऱ्या फटीत, उरोस्थीच्या डाव्या काठाशी खाली, आणि हृदयाच्या टोकाशी. याचे कारण असे की आवाज जिथे निर्माण होतो तिथेच तो उत्तम ऐकू येतो असे नाही; तो रक्ताच्या प्रवाहाबरोबर वाहत जातो आणि तो प्रवाह असलेला कप्पा किंवा धमनी छातीच्या भिंतीच्या जिथे जवळ येते तिथे स्पष्ट होतो. महाधमनीची झडप उरोस्थीच्या मागे किंचित डावीकडे असते, पण तिचा आवाज उजवीकडे ऐकला जातो, कारण महाधमनी उजवीकडे वळत वर चढते. म्हणून या चार जागांना झडपांच्या जागा म्हणणे चूक आहे. त्या ऐकण्याच्या जागा आहेत.

ईसीजी काढताना छातीवर जे सहा इलेक्ट्रोड चिकटवतात, त्यांच्या जागा अमेरिकन आणि ब्रिटिश हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी १९३८ मध्ये ठरवून दिल्या. पहिला आणि दुसरा इलेक्ट्रोड चौथ्या फटीत, उरोस्थीच्या उजव्या आणि डाव्या काठाशी लागतो. चौथा पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून उतरणाऱ्या रेषेवर. तिसरा दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधोमध. आणि पाचवा व सहावा चौथ्याच्याच पातळीत काखेकडे. नेहमीची चूक अशी की पहिले दोन इलेक्ट्रोड चौथ्याऐवजी दुसऱ्या किंवा तिसऱ्या फटीत लावले जातात. मग निरोगी हृदयाचा आलेखही कधी कधी जुन्या हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसतो. ही चूक यंत्राची नसते, न केलेल्या मोजणीची असते. स्तनाग्राच्या अंदाजाने इलेक्ट्रोड लावण्याची सवय पुरुषांत कशीबशी निभावून जाते, पण स्त्रियांत ती खूण भरवशाची मुळीच नाही.

फुफ्फुसांची हद्दही अनेकांना चकवते. फुफ्फुसाचा शेंडा गळपट्टीच्या हाडाच्याही वर, मानेच्या मुळाशी सुमारे २.५ सेंटिमीटर डोकावतो, त्यामुळे मानेच्या खालच्या भागात शिरेत सुई घालताना तो टोचला जाण्याचा धोका असतो. खालच्या बाजूला फुफ्फुसाचा काठ समोर सहाव्या बरगडीशी, काखेखाली आठव्या बरगडीशी आणि पाठीच्या कण्याजवळ दहाव्या बरगडीशी संपतो, पण फुफ्फुसाचे आवरण प्रत्येक ठिकाणी आणखी सुमारे दोन बरगड्या खाली उतरते. साचलेले पाणी बसलेल्या माणसात प्रथम या मोकळ्या चिंचोळ्या जागेत उतरते. उजवीकडे श्वासपटलाखाली यकृताचा घुमट बराच वर, साधारण पाचव्या बरगडीच्या पातळीपर्यंत चढलेला असतो. म्हणजे छातीत झालेली जखम प्रत्यक्षात पोटातील अवयवाचीही असू शकते.

सुई घालायचीच झाली तर ती फटीत नेमकी कोठे घालावी यालाही नियम आहे. प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाला आतून एक खाच असते, आणि त्या खाचेच्या आधाराने शीर, धमनी आणि मज्जातंतू हे तिघे जातात. म्हणून सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला घासून आत नेतात. पाठीत कण्याजवळ मात्र ही धमनी खाचेत नीट बसलेली नसते, फटीच्या मध्यातून जाते, म्हणून कण्यापासून दूर राहणेच बरे.

जागांचे हे नियम बदलतातही. छातीत हवा कोंडून फुफ्फुस दबले असेल तर सुईने ती हवा सोडण्यासाठी वर्षानुवर्षे दुसरी फट सांगितली जात असे. जखमी रुग्णांवरील उपचारांच्या एटीएलएस या अभ्यासक्रमाने २०१८ पासून प्रौढांसाठी काखेजवळची चौथी किंवा पाचवी फट सांगितली आहे, कारण समोरची भिंत पुष्कळ लोकांत इतकी जाड असते की नेहमीची सुई आत पोहोचतच नाही. जुन्या पाठ्यपुस्तकांतील अनेक पातळ्या मृतदेहांच्या विच्छेदनातून आलेल्या आहेत, आणि मृतदेह आडवा असतो व श्वास घेत नाही. जिवंत माणसाच्या सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिकेचा दुभंग पुष्कळदा पुस्तकातल्यापेक्षा थोडा खाली आढळतो, आणि उभ्या माणसाने खोल श्वास घेतला की तो आणखी उतरतो. ज्यांची छाती दम्याने किंवा धूम्रपानाने पिंपासारखी फुगलेली असते, त्यांच्यात श्वासपटल सपाट होते आणि यकृताची हद्दही खाली सरकते.

पाठीवरची नेहमीची खूण म्हणजे खांद्याच्या फऱ्याचे खालचे टोक. हात सैल सोडून बसलेल्या माणसात ते सातव्या बरगडीवर येते. पण छातीतले पाणी काढताना रुग्णाला टेबलावरच्या उशीवर हात टेकवून पुढे वाकायला सांगतात, तेव्हा फरा बाहेर सरकतो आणि ही खूण आपली जागा सोडते. म्हणून आता सोनोग्राफीने पाणी पाहतात, त्वचेवर पेनाने फुली मारतात, आणि सुई आत जाईपर्यंत रुग्णाला हलू देत नाहीत.