खेळणारा एक, देणारे शंभर: गेमच्या स्पर्धेतून मदतनिधी, मागचा इतिहास

बडोद्याच्या दांडिया बाजारातली आमची मुलं यंदा गणपतीत मोबाइल गेमची स्पर्धा घेणार आहेत. जमेल तो निधी रुग्णालयात उपचार घेणाऱ्या लहान मुलांसाठी द्यायचा. बैठकीत पहिली सूचना आली ती अशी: प्रत्येक संघाकडून प्रवेश फी घ्यावी, निम्मी बक्षिसाला, निम्मी मदतीला. हिशेब सरळ दिसतो. पण आजवर असे निधी ज्या रीतीने उभे राहिले ते पाहिलं, तर खेळणाऱ्याच्या खिशातून फार थोडं येतं. मोठा पैसा येतो तो बघणाऱ्याकडून.

आपल्याला हे नवं नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ या संगीत नाटकाचा प्रयोग झाला. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर आणि गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी. एरवी या मंडळ्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी, रसिकांतही दोन तट. ते दोघं एका रंगमंचावर आले आणि दोन्ही तटांनी तिकिटं काढली. गंधर्व मंडळीला बडोदे दरबारचा आश्रय होता, म्हणून आपल्या गावाला या प्रयोगाबद्दल थोडी जास्तच आपुलकी वाटायला हरकत नाही.

बघणाऱ्याने विश्वासाने पैसे द्यायचे तर खेळाला नियम हवेत, आणि त्यात बडोदं पुढेच होतं. हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, गावोगाव वेगळ्या पद्धतीने खेळला जाई. १९२३ मध्ये त्याचे सुधारित नियम प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्या नियमांनी बडोद्यात अखिल भारतीय स्पर्धा भरली. त्यामागे हिंद विजय जिमखाना होता.

व्हिडिओ गेमच्या जगात मदतीची वाट रुळली ती २००३ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत जेरी होल्किन्स आणि माइक क्राहुलिक यांनी ‘चाइल्ड्स प्ले’ ही संस्था सुरू केली. गेम खेळणाऱ्यांना हिंसक ठरवणाऱ्या बातम्या येत होत्या. त्यांना उत्तर म्हणून या दोघांनी गेमच्या चाहत्यांकडून मुलांच्या रुग्णालयासाठी खेळणी आणि पैसे जमवले.

खरी युक्ती सापडली २००७ मध्ये, कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात. तिथल्या काही मित्रांनी ‘डेझर्ट बस’ हा गेम निवडला. १९९५ च्या सुमाराचा हा गेम त्या वेळी बाजारात आलाच नव्हता. त्यात टूसॉनहून लास व्हेगासला बस न्यायची: आठ तासांचा वाळवंटी रस्ता, वेग जास्तीत जास्त ताशी ४५ मैल. बस सतत उजवीकडे ओढते, त्यामुळे हात सोडता येत नाही. पोहोचलात की एक गुण. या मित्रांनी खेळाचे तास विकायला काढले. पहिल्या तासाला १ डॉलर, पुढचा प्रत्येक तास आधीच्यापेक्षा ७ टक्क्यांनी महाग. लोक इंटरनेटवर त्यांचे हाल बघत होते आणि ते लांबवण्यासाठी पैसे देत होते. त्या पहिल्याच खेपेला ‘चाइल्ड्स प्ले’साठी २२ हजार डॉलरहून अधिक जमले. ना बक्षीस, ना प्रवेश फी. इतका साधा विचार आधी कुणाला सुचला नाही याचं मला अजून नवल वाटतं.

२००८ मध्ये टेक्सासमधून ‘एक्स्ट्रा लाइफ’ सुरू झालं: चोवीस तास खेळायचं आणि ओळखीच्यांकडून देणगी मिळवायची. जानेवारी २०१० मध्ये ‘गेम्स डन क्विक’ची, म्हणजे कमीत कमी वेळात गेम संपवून दाखवण्याच्या उपक्रमाची, सुरुवात झाली. हॉटेलातलं इंटरनेट दगा देऊ लागलं म्हणून मंडळी आयोजकाच्या आईच्या घरी, तळघरात गेली. तिथून ‘केअर’ या मदतसंस्थेसाठी १० हजार डॉलरहून अधिक उभे राहिले. २०२० च्या जानेवारीत याच उपक्रमाने कर्करोग प्रतिबंधासाठी ३० लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. ‘सुपर मेट्रॉइड’ हा गेम खेळताना शेवटी प्राण्यांना वाचवायचं की वेळ वाचवायचा, हे तिथे देणगीदार ठरवतात, आणि दोन्ही पक्ष हट्टाने पैसे ओततात. १९२१ च्या दोन तटांची आठवण होते ती इथे.

आपल्याकडे गेमचा खेळ आधी संशयाच्या भोवऱ्यात सापडला. मार्च २०१९ मध्ये राजकोटला पबजी या मोबाइल गेमवर बंदी आली आणि खेळणाऱ्या तरुणांना अटकही झाली. सप्टेंबर २०२० मध्ये तो गेम देशभर बंद झाला. राजकोटच्या बंदीच्या आदल्याच वर्षी, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्सचे, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचे, प्रात्यक्षिक सामने झाले होते आणि भुजच्या तीर्थ मेहताने ‘हार्थस्टोन’ या गेममध्ये कांस्यपदक आणलं होतं. एकाच राज्यातल्या या दोन बातम्या आमच्या पिढीतल्या पालकांनी शेजारीशेजारी ठेवून वाचायला हव्या होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला क्रीडा खात्याच्या कक्षेत घेतलं.

प्रवेश फीचा प्रश्न अडतो तो २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याशी. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळायचे गेम त्याने बंद केले. ई-स्पोर्ट्सला मोकळीक आहे; फी घेता येते, पण ती प्रवेशापुरती किंवा व्यवस्थेच्या खर्चापुरती. फीमधून बक्षिसाचा गल्ला जमवला की पाऊल नको त्या बाजूला पडतं.

म्हणून मुलांना मी एवढंच सुचवलं: फी नको, बक्षिसाला चषक पुरे. अंतिम सामना मंडपात मोठ्या पडद्यावर दाखवा, गेममधल्या कोणत्या नकाशावर, म्हणजे मैदानावर, खेळायचं ते देणगीदारांना ठरवू द्या. पैसे थेट नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात जाऊ द्या आणि प्राप्तिकर सवलतीची, ८०-जी म्हणून ओळखली जाणारी पावती ट्रस्टच देईल असं बघा; २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, हे फलकावर आधीच लिहा. नियमांचा कागद छापायला गेला आहे.