पेन्सिल समोर धरून एक डोळा का मिटायचा?

टेबलावर एक वाटी ठेवा आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिचं चित्र काढा. वाटीचं तोंड बहुधा दिसतं त्यापेक्षा जास्त गोल येईल. डोळ्यात उमटतं ते चपटं लंबवर्तुळ, पण वाटी गोल असते हे मेंदूला ठाऊक असतं आणि तो मध्ये लुडबुड करतो. रॉबर्ट थाउलेस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. तिरक्या ठेवलेल्या वर्तुळाचा आकार विचारला, की लोक त्याला खऱ्या वर्तुळाकडे झुकवून सांगतात.

इंदूरच्या राजवाड्यासमोर स्केच करायला बसलात तरी हीच गंमत होते. तुमच्यापासून दहा मीटरवर एक रिक्षावाला उभा आहे आणि तेवढ्याच उंचीचा दुसरा माणूस तीस मीटरवर, दरवाज्याशी. कागदावर तो रिक्षावाल्याच्या एक तृतीयांश यायला हवा. नवशिका त्याला निम्मा तरी काढतोच. माणूस दूर गेला म्हणून लहान होत नाही हे आपण तान्हेपणापासून शिकलेलो असतो. रस्ता ओलांडताना हे ज्ञान जीव वाचवतं, चित्रात मात्र आडवं येतं. उजेडाचंही तसंच. झाडाच्या सावलीतलं पांढरं धोतर आपल्याला पांढरंच दिसतं, मग भले त्यावरून येणारा प्रकाश उन्हातल्या करड्या फरशीपेक्षा कमी असो.

मग चित्रकाराची नजर वेगळी होते का? बरीच वर्षं असंच मानलं जायचं, की सरावाने मेंदूची ही दुरुस्ती बंद करता येते. पॅरिसमध्ये फ्लोरियाँ पेर्द्रो आणि पॅट्रिक कॅव्हानॉ या दोन संशोधकांनी ते तपासून पाहिलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत आकार आणि उजेड जोखताना चित्रकारही इतरांइतकेच फसले. मला हा निष्कर्ष फार दिलासा देणारा वाटतो. दैवी दृष्टी लाभेपर्यंत थांबायची गरज नाही. फसणाऱ्या डोळ्याकडून खरं वदवून घ्यायच्या युक्त्या शिकल्या म्हणजे झालं.

या युक्त्या जुन्याच आहेत, त्यांच्यामागची कारणं मात्र क्वचित सांगितली जातात. पेन्सिल समोर धरून, वस्तूची उंची तिच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत मापताना हात कोपरात ताठ ठेवायचा, कारण डोळ्यापासून पेन्सिलीचं अंतर बदललं की मापही बदलतं. साठ सेंटिमीटरवर धरलेली पेन्सिल नकळत पन्नासवर आली, तर माप एक षष्ठांशाने चुकलं. एक डोळा मिटायचा, कारण दूरच्या वस्तूवर नजर असताना दोन्ही डोळे उघडे असले तर जवळच्या पेन्सिली दोन दिसतात. डोळे किलकिले केले की बारीक तपशील पुसट होतात आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे उरतात. गडद काय नि फिकं काय, हे तेव्हाच नीट कळतं. रंगासाठी काळ्या पुठ्ठ्याला छोटं भोक पाडून त्यातून पाहावं. आजूबाजूचं झाकलं गेलं, की ते सावलीतलं धोतर चक्क निळसर राखाडी निघतं.

दुसरी बाब नजरेच्या फेऱ्यांची. डोळ्याचा अगदी स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम दोन अंशांचा असतो, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढा. बाकीचं दृश्य मेंदू जुळवून घेतो. त्यातून जे टिपलं ते कागदाकडे वळेपर्यंत फिकं होऊ लागतं. मानसशास्त्रज्ञ डेल कोहेन यांच्या २००५ च्या अभ्यासात वस्तूकडे वारंवार नजर टाकणाऱ्यांची रेखाटनं अधिक अचूक निघाली. एकदा डोळे भरून बघायचं आणि मग पाच मिनिटं कागदात डोकं घालून बसायचं, ही सवय मोडायला हवी. रेघ लहान, नजर पुन्हा वर.

चित्र उलटं ठेवून त्याची नक्कल केली की ‘उजवा मेंदू’, म्हणजे चित्रकलेचा मानला जाणारा मेंदूचा अर्धा भाग, जागा होतो, हे तुम्ही ऐकलं असेल. कोहेन यांनीच २०१० मध्ये एका सहकाऱ्यासोबत हे तपासलं; उलटं केल्याने अचूकता वाढली नाही. उजव्या-डाव्या मेंदूची ती सोपी वाटणीही आता संशोधक गंभीरपणे घेत नाहीत. लंडनमध्ये चांगलं रेखाटन करणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा फरक दिसला तो लहान मेंदूच्या डाव्या भागातही. हालचालींचा सूक्ष्म ताबा लहान मेंदूकडे असतो. सरावाने हा फरक पडला की मुळातच होता, हे अशा स्कॅनवरून ठरत नाही.

इंदुरात दत्तात्रय देवळालीकरांनी १९२७ मध्ये चित्रशाळा सुरू केली. ना. श्री. बेंद्रे, एम. एफ. हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर हे सगळे चित्रकार तिथलेच विद्यार्थी. बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याला शिकवायला गेले. त्यांची आणि जोशींची निसर्गचित्रं पाहताना मी आधी सावल्यांचे तुकडेच शोधतो. उघड्यावर काम करणाऱ्याला घाई असते: सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणून दोन तासांत सावली वेगळीच होऊन बसते. सावल्यांच्या कडा पहिल्या दहा मिनिटांतच आखून टाकाव्यात आणि मग त्यांच्याशी प्रामाणिक राहावं, समोर काहीही सरको.

माळव्याचा उन्हाळा जलरंगांना आणखी एक धडा देतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कागदाचा दुसरा कोपरा गाठेपर्यंत वॉशची (पातळ रंगाच्या सलग थराची) कड वाळते आणि डाग पडतो. शिवाय वाळलेला रंग ओल्यापेक्षा फिका दिसतो. ओलं असताना कागदाच्या तंतूंमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात, प्रकाश कमी विखुरतो आणि रंग गडद वाटतो. पाणी उडालं की तिथे हवा शिरते आणि प्रकाश जास्त विखुरला जातो. म्हणून रंग थोडा गडदच लावायचा. किती, ते त्याच कागदाच्या कडेला एक पट्टी ओढून, ती वाळवून बघायचं. जुलैत तीच पट्टी वाळायला कितीतरी जास्त वेळ घेते, तेव्हा सोबत दुसरं स्केच सुरू ठेवलेलं बरं.