मेलेल्या हाडाच्या काठावर

निपाणी, खानापूर, चिकोडीकडची बरीच माणसं गुडघ्याचा एमआरआय बेळगावात काढतात आणि दुसरं मत घ्यायला मिरज नाहीतर कोल्हापूर गाठतात. तोवर रिपोर्टमधला एक शब्द घरभर फिरलेला असतो: बोन इन्फार्क्ट. म्हणजे रक्तपुरवठा तुटल्यामुळे हाडाचा काही भाग मेला आहे. कुणीतरी मोबाईलवर शोधतं, तिथे कॅन्सरचं नाव दिसतं, आणि ‘मेलेलं हाड आत सडतं, त्याचा कॅन्सर होतो’ अशी समजूत पक्की होते.

पण मेलेली पेशी विभागू शकत नाही, आणि पेशी विभागल्याशिवाय कॅन्सरची गाठ वाढत नाही. मग अशा जागी क्वचित का होईना, गाठ येते ती कुठून?

ती काठावरून येते. हाडातल्या पेशी मेल्या तरी कॅल्शियमचा सांगाडा जागच्या जागी उभा राहतो, म्हणून सुरुवातीला एक्स-रे अगदी नीट दिसतो. हाडाच्या पोकळीतल्या मगजातली चरबीही मरते. तिच्यातून सुटलेली आम्लं कॅल्शियमशी जुळून साबणासारखे क्षार होतात. जुन्या इन्फार्क्टची पांढरी, वेडीवाकडी नक्षी एक्स-रेवर उमटण्यात त्यांचाही वाटा असतो. सभोवतालचं जिवंत हाड मात्र स्वस्थ बसत नाही. तिथून केशवाहिन्या आत शिरतात. मागोमाग मेलेला मगज साफ करणाऱ्या पेशी येतात, मेलेलं हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट येतात, नवं हाड रचणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट येतात आणि तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्टही. जुन्या सांगाड्यावरच नव्या हाडाचा थर चढत जातो. मेलेला भाग लहान असेल तर काम पुरं होतं. मोठा असेल तर दुरुस्ती मध्यापर्यंत पोचतच नाही. काठावर तंतूंची भिंत तयार होते आणि तिथली दुरुस्तीची धुगधुगी वर्षानुवर्षं चालू राहते. पेशी दर वेळी विभागताना आपल्या सगळ्या डीएनएची नक्कल करते, एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं. सातबाराच्या उताऱ्याची नक्कल हाताने पुन्हा पुन्हा करत राहिलं की कुठेतरी सर्व्हे नंबर चुकतोच. पेशी बहुतेक चुका दुरुस्त करते. निसटलेल्यांतल्या काही नेमक्या वाढीवर लगाम ठेवणाऱ्या जनुकांत झाल्या, तर सार्कोमा, म्हणजे हाड-तंतूंसारख्या आधार देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, सुरू होऊ शकतो. या गाठी बहुधा तंतुमय, उच्छृंखल पेशींच्या असतात. दुरुस्तीच्या काठाकडे बोट जातं ते म्हणूनच.

वैद्यकात अशा दोन रुग्णांची नोंद १९६० साली झाली. १९६६ च्या नोंदीतला रुग्ण केसॉनमध्ये काम करणारा होता. केसॉन म्हणजे नदीच्या तळाशी पाया घालताना वापरायची दाबाखालच्या हवेची पेटी. तिथून घाईने बाहेर आलं की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि हाडाचं रक्त अडू शकतं. आपल्याकडे कारणं वेगळी: दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड, दारू, आणि सिकलसेल हा तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. आठवडी बाजारात संधिवातावर मिळणाऱ्या, घटक न लिहिलेल्या पुड्यांविषयी मला चीड आहे ती यासाठीच. अशा औषधांत स्टिरॉइडची भेसळ देशात अनेकदा सापडली आहे, आणि लगेच येणारा ‘गुण’ पुष्कळदा तिचाच असतो. डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मात्र परस्पर बंद करू नये.

खुब्याचा गोळा मेला असं ज्यांना सांगितलंय, त्यांनी कॅन्सरच्या भीतीने झोप घालवू नये. त्यांचा खरा प्रश्न गोळा खचण्याचा आहे. हे सार्कोमा बहुतेक लांब हाडांतल्या मोठ्या इन्फार्क्टवर, विशेषतः गुडघ्याच्या आसपास येतात, आणि हाडांच्या सगळ्या सार्कोमांत त्यांचा वाटा शंभरात एकही नाही.

इतकी वर्षं गप्प असलेली जागा मात्र दुखू लागली, रात्री ठणकू लागली किंवा तिथे गाठ हाताला लागली, तर नवा एक्स-रे आणि एमआरआय लगेच करावा. पांढऱ्या नक्षीशेजारी हाड पोखरलेलं दिसणं ही धोक्याची खूण. हाडवैद्याकडून तेल चोळून घेऊ नये. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ म्हणून बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी, टाळणारे पुष्कळ आहेत. तपासणी लांबल्याने जे नुकसान होतं ते त्या भीतीपेक्षा फार मोठं. फक्त बायोप्सी कुठेही, कुणाकडूनही करू नये. पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच सुईची वाट ठरवावी, कारण गाठ काढताना त्या वाटेवरचा भागही तो सोबत काढून टाकू शकतो.